बाबांच्या बाईकचं मागचं चाक

आज बाबांच्या बाईकला दुसऱ्याच मॉडेलचं मागचं चाक बसवलं. जुनी रिम वाकली होती, आता तसली मिळत नाही. लालबागच्या आमच्या मेकॅनिकने ते चाक नीट बसावं म्हणून लेथवर मापाचा बुश करून घेतला, चेन सरळ लावली. म्हणाला, "ब्रेकपण या चाकाचाच टाकलाय. आता आवाज नाय येणार."

बरं झालं, म्हटलं.

घरी गेलो तर आई भाजी निवडत होती. दचकली. "कधी आलास रे? गाडी वाजली नाय."

खाली जुना ब्रेक कर्रकन वाजला की आई चहा टाकायची. आधी बाबांसाठी, ते गेल्यावर माझ्यासाठी. आज गॅस बंदच होता.

मला काहीच वाटलं नाही. अजूनही वाटत नाहीये.

जुनं चाक ब्रेकसकट गॅरेजमध्येच पडलंय. तुम्ही परत आणलं असतं का?