आठव्यातलं

लग्न वैशाखात झालं आणि मुलगी पौषात. कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीला एवढा हिशोब पुरेसा होता. बायका तोंडावर काही बोलायच्या नाहीत, नुसती बोटांची पेरं मोजायच्या. मी लाजेनं अर्धमेली झाले होते. काही केलेलं नसताना मान खाली घालायची, याचा संतापही होताच, पण तो कुणावर काढणार?

बाळंतपणाला माहेरी, गडहिंग्लजला जायचं होतं, त्याच आठवड्यात कळा सुरू झाल्या. दवाखान्यात मुलगी झाली ती एवढीशी, धड रडलीसुद्धा नाही. श्वास घेताना बरगड्यांखालची कातडी आत ओढली जायची आणि ती कण्हायची.

डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं, "पोटात असताना बाळाच्या फुफ्फुसात पाणीच असतं. बाहेर आल्यावर ती हवेनं फुगलेली राहायला आतून एक पातळसा थर लागतो. तो शेवटच्या महिन्यांत तयार होतो. हिचा पुरता झालेला नाही, पण होईल. जन्मल्यावरही फुफ्फुसं वाढत असतात, चांगली काही वर्षं. तोवर ऊब द्या. उघडी ठेवू नका."

ऑक्सिजनवर काही दिवस काढून आम्ही घरी आलो. मुलगी दूध पिऊ लागली होती, पण दमली की छाती अजून आत जायची.

मग बाळंतविडा घेऊन बायका येऊ लागल्या. सासूबाई खमक्या, आणि माझ्या बाजूच्या. कुणी आलं की त्या दुपटं सोडायच्या, झबलं वर करायच्या.

"बघा की, कशी आत जाती छाती! आठव्यातलं हाय बाई. पुऱ्या दिसाचं पोर असं असतंय व्हय?"

सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं एरवी त्याच म्हणायच्या. पण घराच्या अब्रूपुढं त्यांना त्याचं भान राहिलं नाही. पौषातल्या थंडीत मुलीचे ओठ काळपट पडायचे. "झाका हो तिला," एवढं म्हणायला माझ्या जिभेला काय झालं होतं? मी बाजेवरून बघत बसायचे आणि मला बरं वाटायचं. त्या बरं वाटण्याची लाज अजून जात नाही.

पेरं मोजण्यात पहिला नंबर असलेली शेजारीण सगळ्यांत शेवटी आली. सासूबाई त्या दिवशी जोतिबाला गेल्या होत्या. मग मीच दुपटं सोडलं, झबलं वर केलं.

छाती संथ वरखाली होत होती. कण्हणं नाही, काही नाही. गार वारा लागताच मुलीनं असा टाहो फोडला की शेजारीण दचकून हसली.

"अगं, झ्याक हाय की पोरगी! काय आवाज म्हणायचा!"

मी तिला झाकलं नाही. ती रडत होती आणि मी तिच्या बरगड्यांकडे बघत होते, एकदा तरी आत जातील म्हणून.