गाळलेला एक

शीतगृहाच्या व्यवस्थापकानं आमच्या बाईंना फसवलं. पहिल्याच ओळीत लिहितो, म्हणजे मी आडून बोललो असं नंतर कुणी म्हणायला नको.

बाई मूळच्या वर्ध्याच्या. खडकीत खोली घेऊन राहायच्या आणि दोन बस बदलून वारज्याला माझ्या शेडमध्ये इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनवायला यायच्या. मी वायरमनचा कारखानदार झालेला माणूस. स्क्रूसुद्धा भाव केल्याशिवाय घेत नाही आणि समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबत नाही. स्क्रीनवर अगम्य अक्षरांचा कचरा उमटला की मी ओरडायचो, "बोर्ड बदला!" बाई नजर न हलवता एक बोट वर करायच्या. "थांबा ना भाऊ. त्याले पूर्ण बोलू द्या."

यंत्राशी असं अदबीनं वागणारं माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. माझ्या पाहण्यात ते एकच.

त्या शीतगृहात लशी ठेवत. बाईंचा बोर्ड बसवलेली आमची पेटी तापमान मोजायची आणि वायरीवरून एकेक अक्षर कॉम्प्युटरला पाठवायची. कॉम्प्युटर मध्येच अडायचा: डिकोड एरर. म्हणजे आलेलं अक्षर वाचता येत नाही. शीतगृहाचे इंजिनिअर म्हणाले, मायक्रोकंट्रोलर, म्हणजे बोर्डाचा मेंदूच, बाद आहे. बाईंनी अक्षरं पाठवण्याचा आणि घेण्याचा वेग दोन्हीकडे तपासला. तो बरोबर निघाला. मग सापडलं, की अंशाचं ते इवलंसं वर्तुळ आमची पेटी एका तुकड्यात पाठवते आणि कॉम्प्युटरला ते दोन तुकड्यांत हवं असतं.

"एवढ्याशा टिकलीपायी आठ दिवस?"

"टिकलीच आहे, काढून टाकते. तापमान सांगायले टिकली लागत नाही भाऊ."

बहुतेक चुका थांबल्या. थोड्या उरल्या, त्या नेमक्या कॉम्प्रेसर सुरू होताना यायच्या. बाईंनी वायर हातात धरून माझ्याकडे पाहिलं. त्यांनी बाहेरच्या विजेचा गोंधळ अडवणारी, जाळीचं आवरण असलेली वायर सांगितली होती; मी घासाघीस करून साधी आणली होती. "वायर बदला," एवढंच म्हणाल्या.

व्यवस्थापकाकडे दुसऱ्या दिवशी तपासणी होती. "मला एकही एरर दिसता कामा नये." त्यानं आपल्या इंजिनिअरांकडून कॉम्प्युटरच्या प्रोग्राममध्ये एक ओळ घालून घेतली: वाचता न येणारं अक्षर गुपचूप गाळा. स्क्रीन लख्ख झाला. बाईंनी तिथल्या रजिस्टरमध्ये लिहिलं, 'चूक गाळू नये, वायर बदलावी', आणि त्याखाली व्यवस्थापकाची सही घेतली. मी म्हटलं, आता दिसत नाही ना, बदलू सावकाश.

उन्हाळ्यात कॉम्प्रेसर बिघडला, सारखा चालू-बंद व्हायला लागला. तापमान १२.४ वर गेलं; लशींना आठच्या वर चालत नाही. ते सलग दहा मिनिटं चढं राहिलं तरच भोंगा वाजायचा. पण मध्येच बारातला एक हा आकडा खराब होऊन यायचा, प्रोग्राम तो गाळायचा आणि उरायचं २.४. म्हणजे सगळं आलबेल, आणि दहा मिनिटांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. भोंगा वाजलाच नाही. सगळ्या लशी फेकाव्या लागल्या.

चौकशीच्या बैठकीत बाई ठरवून शुद्ध पुणेरी बोलल्या.

"आपल्या प्रोग्राममध्ये एक ओळ घातली आहे, तिच्यामुळे..."

"मॅडम, मुद्द्यावर या," व्यवस्थापक म्हणाला.

"मुद्दाच सांगते आहे. बारा या आकड्यातला..."

"बोर्ड आपण केला होता ना? हो की नाही?"

"हो, पण..."

"धन्यवाद."

बाईंनी रजिस्टर मागितलं. "जुनी रजिस्टरं आम्ही ठेवत नाही," तो म्हणाला.

मी शेजारच्याच खुर्चीत होतो. दोन रुपयांसाठी दुकान डोक्यावर घेणारा मी, त्या दिवशी टेबलाकडे बघत बसलो. तोंड उघडलं असतं तर वायरीचा विषय निघाला असता.

अहवालात दोष बाईंच्या नावावर चढला. त्यानंतर भोसरीपर्यंत कुठंही नाव काढलं की, "त्याच ना, लशीवाल्या?" बाई खोली सोडून वर्ध्याला गेल्या. फोन केला तर उचलतात. मी माफी मागायला जातो आणि अडखळतो. त्या मध्येच तोडत नाहीत, फोनही ठेवत नाहीत.

साधी वायर मी आणली आणि बैठकीत गप्प मीच बसलो. हे माझ्या सहीनं लिहून देतो. आता व्यवस्थापकसाहेब, आपलं काय? ती ओळ कुणाच्या सांगण्यावरून घातली? आपली सही असलेलं ते पान कुठं गेलं? मला नको, बाईंना सांगा. त्यांच्या समोर बसून, त्यांच्या नावानिशी सांगा.