ओत पिशवी

“ओत.”

दवाखान्यात पाऊल टाकलं की बाईंचा पहिला शब्द हा. काय होतंय, कधीपासून होतंय, ते सगळं नंतर. आधी पिशवी ओतायची. घरात असतील नसतील तेवढ्या गोळ्या, बाटल्या, मलमं, शेजारणीने दिलेलं चूर्ण, गावच्या जत्रेत घेतलेलं तेल, सगळं बाईंच्या टेबलावरच्या परातीत. मग चष्मा कपाळावर सरकवून बाई त्यात हात घालायच्या आणि तांदूळ निवडावेत तशा गोळ्या निवडायच्या. “ही आणि ही एकच आहे, नुसतं नाव वेगळं. दोन्ही गिळतोस? मरायचंय का तुला?” एवढी बोलणी खाल्ली की माणसाला निम्मं बरं वाटायला लागायचं.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडे जाताना डाव्या हाताला एका गाळ्यात हा दवाखाना होता. पाटीवर डिग्रीसकट नाव होतं, पण ते कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. आमच्या सगळ्या वस्तीत त्या नुसत्या बाई. वस्ती यंत्रमागावर टॉवेल-चादरी विणणाऱ्यांची. तेलुगू बोलणारी घरं, दखनी बोलणारी घरं आणि आमच्यासारखी वैरागकडून पोटामागे आलेली. बाईंना या सगळ्या भाषा रागावण्यापुरत्या येत होत्या, आणि त्यांचं काम तेवढ्यावर भागत होतं.

मागाच्या खडखडाटात जन्म गेलेल्या माणसाला कमी ऐकू येतं. टेबलापलीकडून बोललेलं अर्धं हवेतच जातं. म्हणून बाई उठून पेशंटच्या बाकावर शेजारी येऊन बसायच्या आणि कानाशी बोलायच्या. माझे वडील, म्हणजे अण्णा, घरी आम्ही ओरडलो तरी “आँ?” करायचे. बाईंचं मात्र सगळं ऐकू यायचं. “दामू, शेंगाचटणी चमच्याने खा, वाटीने नको,” हे त्यांच्या कानात असं काही बसलं होतं, की जेवताना वाटीकडे हात गेला तरी ते दचकायचे.

वाचता न येणाऱ्यांसाठी बाई गोळ्यांच्या पाकिटावर निळ्या पेनाने चित्र काढायच्या. सकाळची गोळी असेल तर सूर्य, रात्रीची असेल तर चंद्र. सूर्याला किरणं अगदी मन लावून काढायच्या. मी शाळेत शिकवते, माझ्या पहिलीतल्या पोरांचे सूर्य त्याहून बरे असतात. पण आमच्या वस्तीत त्या सूर्यावर देवाच्या अंगाऱ्याइतका विश्वास होता.

मोठ्या डॉक्टरकडे पाठवायची वेळ आली की आधी फोन लावायच्या. “माझा माणूस पाठवतेय,” म्हणायच्या, आणि माणसाची सगळी कुंडली तोंडपाठ सांगायच्या. साखर कधीपासून, बीपी किती, बाप कशाने गेला, घरात कोण करतं, रात्रपाळी आहे का. शेवटी, “तपासा आणि परत माझ्याकडे पाठवा.” तारीख चुकवली तर कारखान्याच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. अण्णांना त्यांनी एकदा असंच मागावरून खाली बोलावलं होतं आणि सगळ्या कामगारांदेखत झापलं होतं. “गुडघा दुखतो म्हणून दुकानातून गोळी घेतलीस? तुझी किडनी आधीच अधू झालीय, दामू. शेक, चोळ, बसून रड, पण दुखण्याची गोळी तुला विष आहे. कळलं?” अण्णा मान खाली घालून म्हणाले, “व्हय बाई.” आणि पुढे कित्येक वर्षं त्यांनी गुडघा चोळला, एरंडाचा पाला बांधला, पण त्या गोळीला हात लावला नाही.

मग बाई विसरायला लागल्या.

पहिल्यांदा कळलं ते शेजारच्या पद्माक्कांना. त्यांचा नवरा बाईंच्याच औषधावर होता, वारला तेव्हा बाई मयतीलाही आल्या होत्या. तरी एक दिवस बाईंनी विचारलं, “म्हातारा कसा आहे गं?” पद्माक्का म्हणाल्या, “बरा हाय की.” आणि बाहेर येऊन पायरीवर बसून रडल्या.

मी वाट बघत होते, की कुणीतरी बाईंच्या घरी कळवेल. कुणी कळवलं नाही. उलट सगळी वस्ती बाईंना सांभाळायला लागली. बाकावर बसल्या बसल्या जो तो स्वतःच आपली माहिती द्यायचा. “बाई, मी साखरवाला दामू, मला ती पिवळी गोळी चालत न्हाय.” बाई म्हणायच्या, “माहीत आहे रे!” आणि लोक हसून माना डोलवायचे. दुसरीकडे जायचं तर कुठे जायचं? ज्याला आपलं सगळं ठाऊक आहे असं दुसरं माणूसच नव्हतं. आणि आता बाईंनाही ठाऊक नव्हतं, हे कबूल करायची कुणाची छाती होईना.

एके दिवशी अण्णांच्या गुडघ्यासाठी बाईंनी दुखण्याची गोळी लिहिली. सूर्य काढला, चंद्र काढला. अण्णांना सगळं माहीत होतं. तरी ते एक शब्द बोलले नाहीत. रोज सकाळ-संध्याकाळ गोळी घेत राहिले, संपली की दुकानातून नवीन पाकीट आणून त्यावरही बाईंकडून सूर्य काढून आणायचे. पाय सुजले, तोंड सुजलं, लघवी होईना, तेव्हा मी पिशवी उपसली आणि ते पाकीट हाताला लागलं.

“अण्णा, ही गोळी तुम्हाला विष आहे ना? बाईच म्हणाल्या होत्या ना?”

“बाईंनीच दिली की. सूर्य हाय बघ त्येच्यावर. म्हनलं, आता चालत आसंल.”

काय बोलणार या माणसाला? मी ओरडले, भांडं आपटलं, रडलेसुद्धा. मग तेच पाकीट घेऊन बाईंकडे गेले. सांगायलाच हवं होतं, नाहीतर उद्या आणखी कुणाच्या घरात हेच झालं असतं. बाईंनी पाकीट हातात घेतलं आणि उलटसुलट करून बघितलं.

“सुमे, हा सूर्य माझाच आहे ना?”

“हो, बाई.”

“दामूला? मी?”

पाकीट मला परत देऊन “फेकून दे” म्हणाल्या, आणि बाहेर पेशंट बसले असताना त्यांनी स्वतःच्या हाताने शटर ओढलं. ते परत उघडलं नाही. आता तिथे मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे.

अण्णांचं आता डायलिसिस चालतं. किडनीवाले म्हणतात साखरवाल्यांना विचारा, साखरवाले म्हणतात हृदयवाल्यांना दाखवा, आणि हृदयवाले विचारतात, “आधीचे कागद कुठे आहेत?” सगळे हुशार आहेत, कुणी वाईट नाही. पण ‘माझा माणूस’ असं कुणी म्हणत नाही. पहिल्या दिवशी अण्णांनी मोठ्या दवाखान्यात सवयीने टेबलावर पिशवी ओतली, तर डॉक्टर म्हणाले, “अहो काका, हे काय? उचला आधी.” अण्णांनी एकेक पाकीट गोळा केलं. मी फार घाबरलेली आहे, हे इथे सरळ लिहून टाकते. माझा बाप माझ्या डोळ्यांदेखत संपतोय, आणि तो का संपतोय हे विचारायचं कुणाला, हेच मला कळत नाही.

गेल्या महिन्यात अण्णांनी हट्ट धरला, बाईंना भेटायचं. बाई धाकट्या बहिणीकडे असतात. खिडकीपाशी बसल्या होत्या, केस कुणीतरी छान विंचरून दिले होते. अण्णा समोर जाऊन उभे राहिले.

“या,” बाई म्हणाल्या. “कोण आपण?”

जन्मभर ‘दामू’ आणि ‘अरे’ ऐकलेला माणूस. त्यांचा चेहरा एवढासा झाला. मग बाईंची नजर त्यांच्या हातातल्या पिशवीकडे गेली.

“ओता,” बाई म्हणाल्या.

अण्णांनी शेजारच्या पलंगावर बसून पिशवी ओतली. बाईंचा हात चष्म्याकडे गेला, चष्मा कपाळावर गेला, आणि बोटं निवडायला लागली. ही इकडे, ही तिकडे. ते बघून एक क्षण मला वाटलं, आता सगळं ठीक होईल. तेवढ्यात त्यांच्या हाताला ते पाकीट लागलं. बाईंनी दिलेलं काही टाकायचं नाही, म्हणून अण्णांनी ते केरातून काढून माझ्या नकळत परत पिशवीत ठेवलं होतं.

बाईंनी पाकीट उजेडात धरलं. मग बाकीच्या गोळ्यांकडे बघितलं, अण्णांच्या सुजलेल्या पायांकडे बघितलं. त्या उठल्या आणि अण्णांच्या शेजारी येऊन त्यांच्या कानाशी बसल्या.

“अहो, तुमची किडनी गेलेली दिसतेय. तुम्हाला ही गोळी दिली कुणी? कोण गाढव डॉक्टर आहे तो? नाव सांगा, मी आत्ता फोन लावते.”

पाकिटावरचा निळा सूर्य त्यांच्या अंगठ्याखाली होता. अर्धी किरणं बाहेर दिसत होती. मी काही बोलायच्या आत अण्णांनी माझा हात घट्ट दाबला.

“आठवत न्हाय, बाई.”

“आठवत नाही म्हणजे? असं विसरून कसं चालेल?”

“व्हय बाई,” अण्णा म्हणाले. “चुकलंच माजं.”