मधली खुर्ची

आमच्या गावातल्या स्पीकरच्या दुकानात मागे एक ऐकायची खोली आहे. भिंतींना जाड पडदे, समोर दोन उंच स्पीकर आणि मधोमध एकच खुर्ची. पूर्वी गिऱ्हाईक घरून आपली आवडती कॅसेट घेऊन यायचं आणि त्या खुर्चीत बसायचं. कापड बोटांनी चाचपून घ्यावं तसा आवाज पारखायचं. गाणं संपेपर्यंत मालक देसाई दाराशी उभे राहत आणि ब्रही काढत नसत.

काल मी वायर घ्यायला गेलो, तेव्हा खुर्चीत एक तरुण होता. त्याने अर्धंच गाणं ऐकलं, वाकून स्पीकरमागच्या मॉडेल नंबरचा फोटो काढला आणि "विचार करून सांगतो काका," म्हणत निघाला.

"हा आता ऑनलाइन मागवणार," मी चिडून म्हणालो.

"मागवू दे की. ऐकायला तरी इथंच आला ना?" दाराशी उभे असलेले देसाई म्हणाले.

खरं होतं. खोक्यातून हल्ली सगळं घरपोच येतं. आपण ऐकत असताना गप्प उभं राहणारं माणूस तेवढं येत नाही.

गाणं चालूच होतं. बंद करायला मी हात पुढे केला, तर देसाईंनी मानेनंच नको म्हटलं आणि ते स्वतः त्या खुर्चीत जाऊन बसले.

मी दाराशी जाऊन उभा राहिलो.