सरावातला बेशुद्ध

समुद्री बचाव केंद्राचे साहेब आणि जहाज कंपनीचे कप्तान कंपनीच्या जिन्यात भांडत होते, तेव्हा आक्का नुकतीच नोकरीला लागली होती आणि दाराआड उभी राहून पिशवीत किल्ली शोधत होती. कप्तान म्हणजे समुद्र सोडून खुर्चीवर बसलेले, पण आवाज अजून वाऱ्याशी बोलल्यासारखा. लोक किती तयारीत आहेत ते बघायला त्यांनी एका तेलाच्या जहाजाकडून आग लागल्याची खोटी खबर देववली होती, आणि केंद्राने खरोखर बोटी सोडल्या होत्या. साहेब म्हणत, सराव असेल तर सराव म्हणा, माझी माणसं लाटांत जातात. कप्तान म्हणत, आधी सांगितलं की सगळेच शहाणे होतात, मग सराव कसला? आक्काला साहेबांचं पटलं. मग कप्तानांचंही पटलं. तिच्या डोक्यातला घोळ तिथे सुरू झाला, तो काही गेला नाही.

तिचं काम फोनचं. कंपनीचं जहाज कुठल्याही पाण्यात असो, संकट आलं की पहिला फोन तिला. कुठे आहात, काय झालं, माणसं सुखरूप आहेत ना, तेल पाण्यात गेलं का, एवढं विचारायचं, कप्तानांना सांगायचं आणि लगेच केंद्राला कळवायचं. त्या भांडणानंतर नियम झाला की सराव असेल तर जहाजाने आधीच तसं म्हणायचं, आणि तो फोन केंद्राकडे जाता कामा नये. बाकीच्यांना हे सरळ वाटे. आक्काला मात्र न लागलेल्या आगीची चौकशी गंभीर चेहऱ्याने करताना, आपण खोटं बोलतोय की खरं, हेच उमगत नसे.

तिचा धाकटा भाऊ त्याच कंपनीच्या एका जहाजावर पंपमन होता. जहाजाच्या पोटातल्या खोल पंपरूममधून तेल खेचायचं त्याचं काम. तिथे वायू साचला तर माणूस हूं की चूं न करता आडवा होतो, म्हणून पंखा कायम चालू ठेवायचा. एका दुपारी ते जहाज बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं. जहाजावरच्या सेकंड मेटचा, म्हणजे दुय्यम अधिकाऱ्याचा, फोन आला. हा सराव आहे, असं त्याने नियमाप्रमाणे आधी सांगितलं, मग म्हणाला, पंपरूममध्ये एक जण बेशुद्ध पडलाय. तिने प्रश्न विचारले, त्याने पाठ केल्यासारखी उत्तरं दिली. शेवटी तिने सहज विचारलं, बेशुद्ध कोणाला केलंत?

"तुमच्याच भावाला, आक्का. काय नाटक वठवतो! खालच्यांनी चिमटा काढला तरी हलत नाही."

आक्का हसली, आणि हसता हसता थांबली. लपाछपीत पलंगाखाली लपला तरी ज्याला आपोआप हसू फुटायचं, तो हा भाऊ. तिने कप्तानांना सांगितलं. ते म्हणाले, अहो, म्हणजे सराव छान चाललाय, ठेवा फोन. चिमट्याला माणूस हलत नाही म्हणजे सराव छान चाललाय, की सराव संपला? तिला काही कळेना. केंद्राला कळवलं आणि नाटकच निघालं, तर नोकरी जाणार. नाही कळवलं आणि... पुढचं तिला मनातही म्हणवेना.

तिने केंद्राला फोन लावला.

"सराव आहे," ती म्हणाली. "पण बोट पाठवा. डॉक्टरसकट."

"आक्का, एक काहीतरी सांगा. सराव की खरं?"

"ते कळत असतं तर असा फोन केला असता का? तुम्ही जाऊन बघा, आणि मग मलाही सांगा."

जहाजाला तिने बजावलं, आधी त्याला वर उघड्यावर आणा, नाटक तिथे करू दे. वर आणला तेव्हा धाकट्याचे ओठ काळेनिळे पडले होते. संध्याकाळी त्याने डोळे उघडले. चौकशीत निघालं ते असं : पंख्याच्या आवाजात वॉकीटॉकीवर खालच्यांचं बोलणं ऐकू येईना, म्हणून त्या सेकंड मेटनेच पंखा बंद केला होता. वाचवायला उतरलेले मास्क लावून होते. धाकटा तेवढा बिनमास्कचा, कारण बेशुद्ध पडायची पाळी त्याची.

एवढं होऊनही आक्काला उलगडा झाला नाही. डॉक्टर म्हणाले, वायूच. धाकटा म्हणाला, छे, जागरण होतं, डोळा लागला. कप्तानांनी नियम मोडल्याबद्दल झाडलं आणि त्याच दमात बरं केलंत म्हणाले. नोकरी राहिली. शाबासकी मिळाली की बोलणी बसली, हे घरी विचारलं तर तिला सांगता येईना.

एक मात्र झालं. धाकट्याची खुशाली तिसऱ्याच्या तोंडून ऐकून तिचं समाधान होईना. त्याचं जहाज बंदराबाहेर लागलं की ती धक्क्यावर जाई, धुतलेले बनियन आणि साबण घातलेली पिशवी जहाजांकडे ये-जा करणाऱ्या लाँचवाल्याकडे देई आणि सांगे, त्याच्याच हातात दे, आणि तो काय बोलतो ते जसंच्या तसं मला येऊन सांग.

आक्का वारली त्या आठवड्यातही ती धक्क्यावर गेली होती. नोकरी सुटून वर्षं झाली होती, गुडघे कुरकुरत होते. लाँच परत येईपर्यंत ती दोर बांधायच्या खुंटावर बसून राहिली.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, आक्काला सांग, मी अजून किती वर्षं हा लहान मापाचा बनियन घालायचा?"

"रागावला होता की हसत होता?"

लाँचवाल्याने डोकं खाजवलं. "दोन्ही, बहुतेक."

"बरं," आक्का म्हणाली, आणि रिकामी पिशवी घडी करून काखेत मारून बसथांब्याकडे निघाली.