भांडी कोणी घासायची

परदेशात शिकताना मॉसन लेक्सच्या घरात आम्ही तिघी विद्यार्थिनी राहायचो आणि एकच नियम कडक पाळायचो: जेवताना जी वादात हरेल, तिने भांडी घासायची. तेव्हा टीव्हीवर सारखी एकच चर्चा होती, गर्भपात करणाऱ्या क्लिनिकना सरकारने पैसे द्यावेत की नाही. आम्हाला ना मतदानाचा हक्क, ना मेडिकेअर, म्हणजे तिथला सरकारी आरोग्यविमा. तरी ‘आमचा टॅक्स’ म्हणताना आवाज असे चढायचे, जणू देश आम्हीच चालवतोय. आमच्यातली वसईची रविवारचं चर्च कधी न चुकवणारी. ‘माझ्या टॅक्समधून एक सेंटही नको,’ ती ठणकावायची. मी पुण्याची, म्हणजे हरणं माहीतच नाही. भांडी बहुतेक तीच घासायची.

मग तिसरीवरच ती वेळ आली. तिला क्लिनिकची तारीख मिळाली, त्याच दिवशी युनिव्हर्सिटीत माझी डिबेट होती, विषय अर्थात हाच. मी तिला मिठी मारली, ‘तुझा हक्क आहे’ म्हणाले आणि डिबेटला गेले. जिंकलेही.

संध्याकाळी ट्रॉफी घेऊन घरी आले, तर तिसरी पांघरूण घेऊन झोपली होती. वसईचीने बेकरीतली शिफ्ट बुडवून तिला गाडीने नेलं होतं, तीन तास बाहेर बसून राहिली होती आणि आता तिच्यासाठी पेज ढवळत होती.

‘मत बदललं वाटतं?’ मी विचारलं.

‘मुळीच नाही,’ ती म्हणाली. ‘पण म्हणून काय तिला एकटीला बसने येऊ द्यायचं?’

मी ट्रॉफी खाली ठेवली आणि भांडी घासायला घेतली.