दारातला दगड

नांदेडच्या दवाखान्यात रशीद सर माझ्याशी शेवटचं बोलले ते एवढंच, "शेठ, दार..." अतिदक्षता विभागाचं काचेचं दार बंद होतं. उघडं ठेवा म्हणून मी नर्सशी भांडलो, मोठ्या डॉक्टरांशी भांडलो. लातुरात भल्याभल्यांना मी सौद्यात वाकवलंय. तिथं वीतभर दार उघडून घेता आलं नाही. दीड महिना झाला, राग अजून गेलेला नाही...

आमची ओळख भूकंपानंतरची. मी तेव्हा पत्रे विकायचो. दगडमातीच्या रुंद भिंतीखाली दुपारपर्यंत अडकून निघालेला हा शाळामास्तर आला आणि म्हणाला, "शेड पाहिजे, पण दार नको." मी म्हटलं, "दार नाही म्हणून भाव कमी होणार न्हाई, मास्तर." तो हसला. "भाव राहू द्या. कोंडू नका म्हंजे झालं."

पुढे लातुरात क्लासचं वारं सुटलं. मी जागा बांधली, सर जीवशास्त्र शिकवू लागले. दार लागू नये म्हणून पडक्या घरातला एक दगड त्यांनी वर्गाच्या उंबऱ्यात आणून ठेवला. वर्षानुवर्षं तो तिथंच होता. यंदा मी एसी बसवला आणि सरांना न विचारता, दोन माणसं लावून दगड मागच्या बोळात टाकला. सरांनी तो एकट्यानं परत आणला. आणताना पायावर पडला, अंगठा चिरडला. त्यात साखरेचा आजार. "दवाखान्यात जा," मी म्हटलं, पण त्याच दमात हेही म्हटलं, "बॅच तेवढी संपवा." परीक्षा तोंडावर आली होती. सर उभं राहून शिकवत राहिले.

मुलीनं त्यांना नांदेडला नेलं तेव्हा बोटं काळीनिळी झालेली. मी डॉक्टरांवर ओरडलो, "जखम पायाला, मग किडनी कशानं बंद पडायलीय?" उत्तर खाटेवरून आलं. धापा टाकत सर मलाच शिकवू लागले.

"ओरडू नका शेठ. जंतू रक्तात गेले. त्यांना धरायला पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटतात, जाळं टाकतात. एरवी ते अस्तर रक्त गोठू देत नाही. त्याला मार बसला की तेच उलटतं, गुठळ्या धरायला लागतं. बारीक नळ्या बुजतात..." जरा थांबून म्हणाले, "आमच्या भिंतीवाणी. वाऱ्यापावसातून वाचवलं तिनंच, अन् अंगावर बी तीच आली."

मी डॉक्टरांना म्हणालो, गुठळ्या विरघळवा. ते म्हणाले, रक्त गोठवणारे घटक त्या गुठळ्यांतच संपत आलेत, आता दुसरीकडून रक्त वाहतंय. दोन्हीकडून कोंडी. तिथं कसला सौदा करणार?

दवाखान्याला, परीक्षेला, सरांच्या हट्टालाही मी दोष देऊन पाहिला. पण दगड मीच हलवला होता.

परवा नवे सर म्हणाले, "शेठ, दार लागत नाही, एसीची हवा जाते. दगड काढू?" त्यांच्यावर मी असा ओरडलो की पोरं वह्यांतून वर बघू लागली. मग दार आणखी उघडं राहावं म्हणून दगड सरकवायला वाकलो. एकट्याला हलेना. तसाच वाकलेला राहिलो थोडा वेळ... मग म्हटलं, "सर, या. धरा तिकडून."